कळ आली की दाबा

काशीत मेलेल्या माणसाची कुणी चौकशी करत नाही. सुटला म्हणतात, हात जोडतात आणि आपापल्या वाटेला लागतात. मरता मरता वाचलेल्या माणसाची मात्र अख्खी गल्ली चौकशी करते. चौकशी म्हटली की उत्तर लागतं, आणि उत्तर म्हटलं की त्यात बसवायला एक माणूस लागतो. ब्रह्माघाटाच्या आठल्यांकडे तो माणूस आयताच घरात होता. सून.

झालं होतं ते असं. शरदिनीबाई आठल्ये, जन्मभर मुलींच्या शाळेत उभ्यानं भूगोल शिकवून गुडघे झिजवलेल्या बाई, उजवा गुडघा बदलून घ्यायला शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात गेल्या. ऑपरेशन झकास झालं. पुढचं दुखणं सोसावं लागू नये म्हणून डॉक्टरांनी त्यांना एक पंप लावला. पंपाला वायर, वायरीच्या टोकाला बटण. दुखलं की रुग्णानं आपल्या हातानं बटण दाबायचं, की शिरेत थोडं औषध जातं. औषध अफूच्या जातीचं. थोडं गेलं तर गुंगी आणि आराम, जास्त गेलं तर माणूस श्वास घ्यायचाच विसरतो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी शरदिनीबाई विसरल्या. ओठ निळे पडले. अंतरा नावाच्या सिस्टरनं पाहिलं म्हणून बरं, तिनं डॉक्टरांना बोलावलं, उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि बाई परत आल्या.

आधी नाव सिस्टरचं आलं. सिस्टरांच्या संघटनेनं आवाज केला, तसं ते नाव तिच्यावरून उचलून नातेवाइकावर ठेवलं गेलं. नातेवाइकांची संघटना नसते. घरी सोडताना दिलेल्या कागदावर इंग्रजीत एक वाक्य आलं: नातेवाइकानं बटण वारंवार दाबल्याची शक्यता. त्यातला 'शक्यता' हा शब्द रुग्णालयापासून ब्रह्माघाटापर्यंत येता येता कुठेतरी गळून पडला. तो शब्द नेहमीच वाटेत गळतो. उशाशी बसलेली होती सून वैदेही. सुनेनं बटण दाबलं, एवढंच घरी पोचलं.

वैदेही रेल्वेच्या सिग्नल खात्यात ज्युनियर इंजिनियर. लहानपणी घड्याळ उघडून बसणारी पोरं पुष्कळ असतात. ही ते उघडून परत जोडणारी होती, आणि जोडून झाल्यावर एखादा स्क्रू उरला तर जेवायला न बसणारी. रुग्णालयाच्या त्या वाक्यानं तिला राग आला, हे खरं. पण रागाच्याही आधी तिच्या डोक्यात दुसरंच आलं, आणि ते जाईना. मी तर दाबलं नाही. मग दाबलं कोणी?

कारण कुणीतरी दाबलंच होतं. पंपाच्या पोटात दोन आकडे राहतात, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. एक, बटण किती वेळा दाबलं. दुसरा, औषध खरंच किती वेळा गेलं. एकदा औषध गेलं की पंप काही वेळ कुलूप लावून बसतो, मग कितीही दाबा, थेंब सुटत नाही. शरदिनीबाईंच्या पंपावर दाबल्याचा आकडा इतका मोठा होता, की डॉक्टरांना वाटलं, बाईंना भयंकर दुखतंय आणि औषध पुरत नाही. म्हणून त्यांनीच मात्रा वाढवली आणि कुलपाचा वेळ कमी केला. त्यानंतर काही तासांत बाई निळ्या पडल्या.

पण बाई तर दुखतंय असं एकदाही म्हणाल्या नव्हत्या. वैदेही विचारायची, "आई, दुखतंय का?" त्या मान हलवायच्या, नाही. मग नाही म्हणणाऱ्या बाईच्या यंत्रात हो म्हणणारा एवढा मोठा आकडा आला कुठून?

नवऱ्याला, देवदत्तला, तिनं हे सांगितलं. तो बँकेतला माणूस, आकडा जुळला नाही तर अस्वस्थ होणारा. पण ह्या आकड्यापेक्षा त्याला दुसऱ्याच गोष्टीनं पोखरलं होतं.

"खरं सांग," तो म्हणाला. "आई कण्हत असेल, तुला पाहवलं नसेल, चांगल्या भावनेनं... एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मी चिडणार नाही."

"तू चिडावंस म्हणून खोटं बोलू का आता?"

त्यानं बँकेची बॅग उघडून कागद चाळायला घेतले. त्या चाळण्यात त्याचं उत्तर होतं, आणि ते तिच्या बाजूचं नव्हतं.

बातमी ऐकून नागपूरहून मोठी नणंद आली, मालविका. आल्या दिवसापासून तिनं आईचं खाणं, गोळ्या, अंथरूण सगळं आपल्या हातात घेतलं. ओरडली नाही, भांडली नाही. वैदेहीनं कपात चहा ओतला की मालविका तो उचलून स्वतः आईला नेऊन द्यायची, बस. ज्यानं हे सोसलंय त्याला समजेल की ह्यापेक्षा शिवी बरी.

आता डावा गुडघा करायचा होता. तारीख ठरली. त्याच संध्याकाळी मालविकानं जेवताना सांगून टाकलं, "या खेपेला दवाखान्यात आईजवळ मी राहीन. वैदेहीनं यायचं नाही. देवा, तुला काही म्हणायचंय?"

देवाला काही म्हणायचं नव्हतं. तो भात कालवत होता.

"मला म्हणायचंय," वैदेही म्हणाली.

"तुला विचारलं नाही."

म्हणजे गोष्ट आता एका वाक्याची राहिली नव्हती. ऑपरेशनच्या दिवशी वैदेही घरी बसली की शिक्का पक्का. घरच्यांनीच सुनेला दूर ठेवलं, म्हणजे काहीतरी असणारच, असं गल्ली म्हणणार आणि गल्लीचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. शिवाय तोच पंप परत लागणार होता. कोणी दाबलं हे माहीत नसताना.

उत्तर मिळालं ते एका कुरकुरीतून.

मालविका आईच्या पायाला तेल लावत होती. वैदेही दारात वाळलेले कपडे घेऊन उभी. शरदिनीबाई भिंतीला टेकून बसलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि डाव्या गुडघ्याच्या कल्पनेनं तोंड कडू झालेलं.

"ऑपरेशनचं काही नाही गं मालू," त्या म्हणाल्या. "पण त्या दवाखान्यात घंटी वाजवून वाजवून बोट मोडायची वेळ येते. कुणी कुत्रं फिरकत नाही. एवढे पैसे घेतात मेले."

"कुठली घंटी, आई?" वैदेहीनं विचारलं.

मालविकानं वर पाहिलं. "तिला आठवत नाही काही, तिला त्रास देऊ नकोस."

"मला सगळं आठवतं," शरदिनीबाई म्हणाल्या. "मी काय वेडी झालेय? घंटी गं. हातात दिली होती ती. सिस्टर काय म्हणाली? माताजी, कोई भी तकलीफ़ हो तो दबा दीजिएगा. घशाला कोरड पडली, दाबलं. पंख्याचं वारं डोक्यावर येत होतं, दाबलं. वाजायची पण, टिंग करून. वाजते म्हणजे तिला ऐकू जात असेल ना? तरी येत नाही म्हणजे काय? मग मी पण इरेला पेटले. दाबतच राहिले."

कपड्यांची घडी वैदेहीच्या हातातच राहिली. तिची तिलाच लाज वाटली, पण उरलेला स्क्रू सापडल्यावर होतो तसा आनंद झाला.

"आणि आई, दुखलं तेव्हा काय केलंत?"

"तू सांगितलंस तेच."

"मी काय सांगितलं?"

"कळ आली की दाबा म्हणालीस ना? दाबली. ओठ चावून दाबली. हूं का चूं केलं नाही मी. रामाचं नावसुद्धा तोंडातून काढलं नाही. आणि दाबली की थोड्या वेळानं थांबायची हो, खोटं नाही सांगत. सहन केलं की दुखणं थकतं, हे माझी आई सांगायची."

वैदेहीनं कपडे खाली ठेवले. तिला ते वाक्य आठवत होतं. शुद्धीवर येणाऱ्या सासूच्या कानाशी वाकून, बटण त्यांच्या मुठीत देऊन ती आपल्या भाषेत बोलली होती, म्हणजे नीट कळावं. कळ आली की दाबा. मराठीत कळ म्हणजे बटण, आणि कळ म्हणजे दुखण्याची सणक. यंत्राची कळ दाबायची असते आणि पोटातली कळ दाबून धरायची असते. शरदिनीबाईंनी आयुष्यभर दुसरीच दाबली होती. बाळंतपणात, शाळेत उभं राहताना, नवरा गेल्यावर. ह्या दोन अर्थांतला कुठला त्या उचलणार, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. वैदेहीला कळलं नाही, कारण तिच्या डोक्यात बटणाचाच अर्थ होता आणि तो डोळ्यांसमोर वायरीला लटकत होता.

दुखणं सोसलं आणि पाण्यासाठी अफू घेतली. असा हिशेब होता तो.

"पण आई," वैदेही म्हणाली, "मी तर शेजारीच होते. पाणी मला का नाही मागितलंत?"

"तू झोपली होतीस खुर्चीत, मान टाकून. ड्युटीवरून थेट आलेली पोर. तुला कशाला उठवू? सिस्टरला पगार असतो त्याचा."

मालविकाचा तेलाचा हात थांबला. मग जरा जास्तच जोरानं तेल चोळायला लागली.

"हे आई आता सांगतेय," ती शेवटी म्हणाली. "गुंगीत काय झालं, काय नाही, तिला काय ठाऊक. घंटी भिंतीवर असते, वैदेही. मी व्हिडिओ कॉलवर बघितलीय. पलंगाच्या उशाशी, लाल बटणाची. ती सोडून आई दुसरं का दाबेल?"

प्रश्न बरोबर होता. वैदेहीला तो आवडलासुद्धा. तिनं डोळे मिटून ती खोली आठवायचा प्रयत्न केला. पंप आठवला, त्याचं टिंग आठवलं. तिनंही ते ऐकलं होतं आणि यंत्रं वाजतातच म्हणून सोडून दिलं होतं. पण घंटी कुठे होती, काही केल्या आठवेना. तिला स्वतःला सिस्टर हवी असली की ती सरळ उठून बाहेर जायची. धडधाकट माणसाला घंटी दिसत नाही.

"तपासणीला परवा जायचंय ना आईंना?" ती म्हणाली. "मी येणार. ऑपरेशनला नको म्हणालात, तपासणीला नको म्हणाला नाहीत."

"शब्द पकडतेस?"

"माझ्या एका शब्दानं काय झालं ते ऐकलंत ना आत्ता. पकडायला हवेत."

तपासणीच्या दिवशी भूल देणारे डॉक्टर काशीनाथ पांडे भेटले. उंच, पोक काढून चालणारा माणूस, ह्या प्रकरणापासून जरा जास्तच नम्र झालेला. मात्रा वाढवणारा हात त्यांचाच होता, आणि त्यांच्यावर कागदात एक अक्षर नव्हतं. अशा माणसाला झोप चांगली लागते किंवा अजिबात लागत नाही. पांड्यांना लागत नसावी, कारण वैदेहीनं सासूबाईंची हकीकत सांगितली तसे ते टेबलावर पुढे सरकले.

"एक मिनट. माताजी ने दर्द में बटन दबाया ही नहीं?"

"दर्द में दाँत दबाए," वैदेही म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. "देखिए, ये हो भी सकता है और नहीं भी. साबित कैसे कीजिएगा?"

"तीच खोली रिकामी असेल तर उघडून द्या. पंप लावा, औषधाऐवजी सलाईन भरा, सुई कुणालाच टोचू नका," ती हिंदीत म्हणाली. "मला कुणाला दोषी ठरवायचं नाहीये. मला बघायचंय, तो हात कुठे जातो."

खोली रिकामी होती. अंतरा सिस्टरनं पंप आणून स्टँडला लावला. ती वैदेहीच्या नजरेला नजर देत नव्हती. कागदावरचं नाव तिच्यावरून उडून हिच्यावर बसलं होतं, हे तिलाही ठाऊक होतं. शरदिनीबाई चाकाच्या खुर्चीत बसून सगळं शाळा-तपासणीला आल्यासारख्या पाहत होत्या.

"मी झोपू का?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही नको, आई. तुम्हाला आता माहीत झालंय. माहीत नसलेलं माणूस पाहिजे." वैदेहीनं नणंदेकडे पाहिलं. "मालूताई, तुम्ही झोपाल?"

"मी? मी कशाला?"

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही, म्हणून. मी झोपले तर नाटक म्हणाल."

मालविकानं पर्स खुर्चीवर ठेवली. पलंगापाशी गेली, खिडकीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि थबकली.

"आधी पलंग फिरवा. मी जिवंत आहे अजून. उत्तरेला डोकं करून मी झोपणार नाही."

दारात उभ्या वॉर्डबॉयनं कुणाला विचारलंसुद्धा नाही. काशीतल्या रुग्णालयात हे रोजचंच. त्यानं चाकांचे ब्रेक सोडले, पलंग गर्रकन फिरवला, उशी इकडची तिकडे टाकली, स्टँड नव्या उशाशी आणून ठेवला. मालविका समाधानानं आडवी झाली. वैदेहीनं तिचा चष्मा काढून घेतला, अंगावर पांघरूण घातलं आणि अंतरानं पंपाचं बटण तिच्या उजव्या हाताशी ठेवलं, नेहमी ठेवतात तसं. डोळ्यांवर ओढणी बांधली.

"आता काय करू?"

"तुमचं ऑपरेशन झालंय. पाय हलवता येत नाही. तुम्हाला पाणी हवंय. सिस्टरला बोलवा. हाका मारायच्या नाहीत, घसा कोरडा आहे."

मालविकाचा हात डोक्यामागे गेला. भिंतीवर फिरला. गुळगुळीत भिंत, नुसता रंग. हात खाली आला, गादीवर चाचपडला आणि वायर सापडली. वायर वरपर्यंत चाचपली, टोकाला बटण. दाबलं.

टिंग.

मालविकाच्या चेहऱ्यावर काम झाल्याचा भाव आला. हात पोटावर ठेवून ती वाट पाहू लागली. कुणी आलं नाही. पुन्हा दाबलं. टिंग. कुणी हललं नाही. अंतरा तर तिथेच चार पावलांवर उभी होती, ओठ आवळून.

"अहो सिस्टर," मालविका पुटपुटली आणि दाबलं. आणि मग आठल्यांचा मूळ स्वभाव जागा झाला. ती दाबतच राहिली. भराभर, रागानं, दाराची कडी वाजवावी तसं. टिंग, टिंग, टिंग.

डॉक्टर पांडे पंपाच्या पडद्याकडे वाकून पाहत होते. आकडा चढत होता. त्यातल्या पहिल्या दाबण्याला सलाईनचा थेंब सुटला होता, बाकीच्यांना कुलूप होतं. पण आवाज सगळ्यांना एकच होता. औषध गेलं तरी टिंग, नाही गेलं तरी टिंग.

"यही," ते हळूच म्हणाले. "यही देखकर हमने डोज़ बढ़ाया था."

मालविकानं ओढणी ओढून काढली. "ही काय पद्धत झाली? किती वेळ..." हातातल्या बटणाकडे तिनं पाहिलं. पांढरी वायर, पांढरी डबी, राखाडी बटण. मग तिनं चष्मा मागून घेतला आणि समोर, आपल्या पायांच्या पलीकडे, उत्तरेच्या भिंतीकडे पाहिलं. घंटी तिथे लटकत होती. लाल बटणाची. उशाशी असायला हवी ती पायथ्याशी. पलंग फिरला होता, भिंत कशी फिरणार.

शरदिनीबाईंनी मान डोलावली. "असंच. अगदी असंच झालं. मालू, तू माझ्यापेक्षा लवकर चिडलीस."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. माणूस वाईट नव्हता, पण पेन हातात आलं की डॉक्टरला एक नाव लागतंच. "अच्छा हुआ, बात साफ़ हो गई. बिटिया, आपका नाम हट जाएगा. हम लिख देते हैं, मरीज़ ने भूल से..."

"भूल?" शरदिनीबाई ताठ झाल्या. "हमारी भूल?"

"नहीं माताजी, वैसे नहीं, अनजाने में..."

"आणि पलंग कोणी फिरवला होता तेव्हा?" मागून अंतराचा आवाज आला, हिंदीत, जरा घाईनं. "हम लोग नहीं घुमाते. घरवाले घुमवाते हैं."

वैदेहीनं देवदत्तकडे पाहिलं नाही, कारण तो खाली औषधाच्या रांगेत होता. पण पलंग तिनं पहिल्यापासून तसाच पाहिला होता. ती ड्युटीवरून पोचली तेव्हाच तो फिरलेला होता. तिच्याआधी आईंजवळ देवदत्त होता, म्हणजे त्यानंच फिरवला. आणि देवदत्त आपणहून पेलाही फिरवणाऱ्यातला नव्हता. तिच्या डोक्यात उत्तर तयार होऊ लागलं आणि ते व्हायच्या आतच पलंगावरून आवाज आला.

"मी," मालविका म्हणाली. "व्हिडिओ कॉल केला होता मी. आईचं डोकं उत्तरेला दिसलं. देवाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता फिरव."

डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलं.

सांगायला हरकत नाही, वैदेहीला क्षणभर फार गोड वाटलं. इतके दिवस उचलून नेलेले चहाचे कप. तुला विचारलं नाही. आता फक्त गप्प बसायचं होतं. कागद आपोआप लिहिला गेला असता, आणि तो नागपूरपर्यंत पोचवायला ब्रह्माघाट समर्थ होता.

"थांबा, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. पुढचं ती हिंदीत बोलली, आणि आवाज चढवून बोलली. "आधी तुम्ही हिचं नाव लिहिलंत, सिस्टरचं. मग माझं. आत्ता माझ्या सासूचं लिहीत होतात, आता नणंदेचं लिहाल. प्रत्येक वेळी नाव बदलतं आणि तुम्हाला वाटतं छडा लागला. परवा माझी सासू परत इथे झोपणार आहे. तिच्या हातात परत हेच बटण येणार, आणि परत टिंगच वाजणार. नावं संपली की मग तरी त्या टिंगकडे बघाल का? आणि तुम्ही आकडा बघितलात, बाईला विचारलं नाहीत, ते कुठे लिहिणार?"

पांड्यांचे कान लाल झाले. वैदेहीला वाटलं, आता बाहेर काढतील. ते पंपाकडे पाहत राहिले.

"आवाज़ तो कंपनी का है," ते म्हणाले. "हम कैसे बदलें?"

"कंपनीला लिहा. आणि कंपनी ऐकेपर्यंत हातानं करा. आमच्याकडे एखाद्या मार्गावर काम चालू असलं की त्या सिग्नलच्या कळीवर एक कडं चढवून ठेवतात, म्हणजे ती चुकूनही दाबता येत नाही. का, तर माणूस विसरतो. सगळेच विसरतात, हे गृहीत धरलेलं असतं तिथे. हुशार माणूस ठेवून अपघात टळत नाहीत हो, नाहीतर रेल्वेला कड्याची गरज काय होती? ह्या बटणाला असं काहीतरी गुंडाळा की अंधारातही हाताला वेगळं लागेल. घंटीची वायर लांब करा, पलंग कसाही फिरवला तरी पोचेल एवढी. तुम्हाला माहितीय इथे लोक पलंग फिरवतात. रोज फिरवतात. मग भिंत तशीच का ठेवली?"

"सच बात है," अंतरा म्हणाली. पहिल्यांदाच तिनं वैदेहीकडे पाहिलं. "दीदी, एक माताजी ने बाथरूम जाने के लिए भी यही दबाया था. हमने सोचा, दर्द है."

डॉक्टर वळले. "कब?"

"बताया था सर. आप राउंड में थे."

पांडे खुर्चीवर बसले. बराच वेळ लिहीत होते, खोडत होते. शेवटी कागद वैदेहीला दाखवला. नाव कुणाचंच नव्हतं. बटण आणि घंटी हाताला सारखी लागतात, बटणाचा आवाज घंटी वाजल्यासारखा आहे, घंटी आवाक्याबाहेर होती, दाबल्याचा आकडा वेदना समजून मात्रा वाढवली गेली. शेवटचं वाक्य लिहिताना त्यांनी पेन दोनदा उचललेलं दिसत होतं, पण लिहिलं होतं.

"सुपरिंटेंडेंट साहब दस्तख़त करेंगे कि नहीं, वो हम नहीं कह सकते," ते म्हणाले. "लेकिन परसों वाला पंप हम ख़ुद बाँधेंगे."

वैदेहीला आणखी भांडायचं होतं. शरदिनीबाईंनी तिचा हात ओढला. "पुरे आता. माणसानं लिहिलं ना? आणि मला खरंच तहान लागलीय."

परतताना ई-रिक्षात देवदत्त पुढे बसला होता, मागे तिघी. मालविका सगळा रस्ता बाहेर बघत होती. मैदागिनच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा ती तशीच बाहेर बघत म्हणाली, "परवा आपण दोघी राहू."

"बरं."

"तू झोपलीस तर मी जागी राहीन. मी झोपले तर तू."

"आणि दोघी झोपलो तर?" वैदेही म्हणाली.

"तर मी तुम्हा दोघींना लाथ मारीन," शरदिनीबाई म्हणाल्या. "एक पाय चांगला झालाय माझा."

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबते, पुढे चालत. सासूला एका बाजूनं मुलीनं धरलं, दुसरीकडून सुनेनं. चहाच्या दुकानापाशी रत्नाकरकाका बसले होते. ब्रह्माघाटातल्या सगळ्या घरांची सगळी प्रकरणं मिटेपर्यंत त्यांना चहा पचत नाही.

"काय वहिनी, झाली तपासणी?" त्यांनी विचारलं, आणि नजर सासूवरून सुनेवर आणून ठेवली. "लागला का काही छडा? कोणी दाबलं होतं ते बटण?"

वैदेहीनं तोंड उघडलं. सगळी साखळी तिच्या जिभेवर होती, पण काकांना ती पहिल्या वाक्यापलीकडे ऐकायची नव्हती, हे तिला दिसत होतं.

"मी," मालविका म्हणाली.

काका गोंधळले. "तू? तू तर नागपुरात होतीस गं तेव्हा."

"हो ना," मालविका म्हणाली, आईच्या काखेत हात घट्ट करत. "तिथूनच दाबलं. सरका जरा काका, आईला पायरी दिसत नाहीये."